एकच मीठ, चार वाटा

लेबर रूमच्या ट्रेवर काचेच्या अँप्युल मांडलेल्या. प्रत्येकीत दोन मिलिलीटर मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एक ग्रॅम औषध. वॉर्डात सगळे त्याला ‘मॅगसल्फ’ म्हणतात. गरोदर बाईचं बीपी चढून झटके आले की हेच लागतं. सिस्टर चार अँप्युल फोडते, आठ मिलिलीटर औषध सिरिंजमध्ये ओढते, त्यात बारा मिलिलीटर सलाइन मिसळते आणि शिरेतून सोडू लागते. जीव टांगणीला लागलेला असला तरी इथे घाई चालत नाही. नजर घड्याळावर, किमान पाच मिनिटं. ‘‘ताई, अंगात गरम गरम वाटेल, घाबरू नका.’’

मग दोन मोठ्या सिरिंजा. दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम. हे इंजेक्शन चांगलंच दुखतं, म्हणून सोबत थोडं बधिर करणारं लिग्नोकेन.

शिरेतून चार ग्रॅम गेले, मग वर आणखी दहा कशाला? शिरेतलं औषध तत्काळ काम करतं, पण त्याचा जोर अर्ध्या तासात ओसरतो. स्नायूतलं औषध रक्तात हळूहळू झिरपतं; पुरेसं चढायला तासभर लागतो, पण मग ते तीन-चार तास पुरतं. पहिलं आत्ताच्या झटक्यासाठी, दुसरं पुढच्या.

हेच मीठ पाण्यात घालून प्यायलं तर झटक्यांवर काडीचा उपयोग नाही. आतड्यातून ते रक्तात फारच कमी शिरतं, आतड्यातच पाणी धरून ठेवतं आणि जुलाब होतात. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडवट पाण्यातलं, पोट साफ करणारं ‘एप्सम सॉल्ट’ ते हेच. सलाइनच्या जागी हात सुजला की ग्लिसरिनमध्ये कालवून त्याच मिठाचा लेपही देतात.

गिळलेल्या औषधांपुढे आणखी एक नाका असतो, यकृताचा. आतड्यातलं रक्त आधी तिथे जातं आणि काही औषधांचा मोठा हिस्सा तिथेच मोडीत निघतो. छातीत दुखू लागलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते हा नाका चुकवण्यासाठी. दम्याचा पंप औषध थेट फुप्फुसात पोचवतो; त्याच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल मिळतं 100 मायक्रोग्रॅम. गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. तरी घरोघरी भीती पंपाचीच: ‘सवय लागते’. गोळी घेऊन हात थरथरले, छाती धडधडली, तरी ती सौम्य! उलटाच हिशेब.

लेबर रूममध्ये मात्र भीती रास्त आहे. स्नायूत गेलेलं औषध परत काढता येत नाही आणि मॅगसल्फ शरीराबाहेर पडतं ते लघवीवाटे. म्हणून दर चार तासांच्या डोसाआधी सिस्टर गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का ते पाहते, श्वास मोजते, लघवीची पिशवी तपासते. पाय उडाला नाही तर पुढचा डोस थांबतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असतं.

लहान आरोग्य केंद्रात शिरेतून देण्याची सोय नसेल तर कुल्ल्यांतले दहा ग्रॅम देऊनच बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवतात. ॲम्ब्युलन्स निघण्याआधी चिठ्ठीवर तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: किती दिलं, किती वाजता आणि कुठे टोचलं. त्या नसतील तर पुढच्या रुग्णालयात सगळा डोस नव्याने दिला जाण्याचा धोका असतो.