भरतीची वाट पाहणारे गाव

जपानात फुकुयामा स्टेशनासमोर तोमोची बस मिळते. प्रवास अर्ध्या तासाचा. मी कोकणातला, खाडीकाठचा. भरतीसाठी खोळंबलेली होडी लहानपणी पुष्कळ पाहिलेली. तेव्हा भरतीच्याच जिवावर नांदलेले हे बंदर पाहावे, असे फार दिवस मनात होते.

सेतो समुद्राला पूर्व-पश्चिम दोन्ही तोंडांनी महासागराचे पाणी येते. दोन्हीकडच्या भरत्या तोमोच्या आसपास एकमेकींना भेटतात आणि ओहोटी लागली की आल्या वाटेने परत फिरतात. पूर्वी शिडाची जहाजे भरतीबरोबर तोमोपर्यंत येत आणि ओहोटीबरोबर पलीकडे निघून जात. मधले तास थांबणे आलेच! त्या थांबण्यावर गावाचा संसार चाले. खलाशांना विकायला इथे होमेइशू नावाचे, सोळा औषधी घालून केलेले गोड मद्य होते. ते आजही मिळते. मी घोटभर चाखले आणि का कोण जाणे, आजीच्या फडताळातले द्राक्षासव आठवले.

१७११ साली कोरियाच्या वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने फुकुझेन्जी मंदिरातून दिसणारा देखावा जपानात पहिल्या प्रतीचा ठरवला. खिडकीशी बसलो तेव्हा मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

पुढे आगबोटी आल्या. त्यांना भरतीची गरज नव्हती. १८९१ साली आगगाडी आली, तीही फुकुयामाला. १९५६ मध्ये तोमो फुकुयामा शहरात विलीन झाले. गावाला पैसा मिळाला नाही, म्हणून जुनी घरे पाडायलाही कोणी आले नाही.

१९८३ मध्ये मात्र योजना निघाली: बंदराचा काही भाग बुजवून पूल बांधायचा. गावात दोन तट पडले. पुलाची कल्पना ऐकूनच मला संताप आला होता. पण गल्लीत एक मोटार आणि एक टेंपो समोरासमोर आले. मोटारवाला बिचारा कितीतरी लांब मागे मागे सरकत गेला. आत रोगी असता तर? पाहुण्याला देखावा हवा. इथल्या म्हाताऱ्यांना रस्ताही हवा. पूल मागणाऱ्यांना अडाणी म्हणायची माझी हिंमत तिथेच संपली.

विरोधकांनी २००७ साली दावा लावला. २००९ मध्ये हिरोशिमाच्या न्यायालयाने बंदर बुजवण्यास मनाई केली, तीही देखाव्याला साऱ्या राष्ट्राची ठेव मानून! २०१२ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरांनी पुलाचा नाद सोडून डोंगरातून बोगदा काढायचे ठरवले.

संध्याकाळी मी १८५९ सालच्या दगडी दीपस्तंभापाशी बसलो. धक्क्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पाणी कितीही चढो-उतरो, माल उतरवता यावा म्हणून. भरती लागली होती. एकेक पायरी बुडत होती आणि मी मोजत होतो. नववीपाशी घड्याळ पाहिले, तर बस निघून गेलेली.

दुसरीला वेळ होता. मी दहावीची वाट पाहू लागलो.