दोन सेंटिमीटर थर्माकोल

माझं जुनं हेल्मेट मी अजून टाकलेलं नाही. सिंहगडावरून उतरताना एका वळणावर बारीक खडीवरून पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या कानशिलावर आपटलो. कोपर सोलवटलं, डोक्याला काही झालं नाही. घरी येऊन पाहिलं, तर हेल्मेटला उजवीकडे आरपार चीर आणि आत रुपयाएवढा खळगा. कापल्यावर निघालं ते टीव्हीच्या खोक्यात येतं तसलं पांढरं थर्माकोल. एवढ्याशावर आपलं डोकं निभावलं, हे मनाला पटेना.

पटलं ते हिशेब मांडल्यावर. डोक्याला इजा होते ती ते फार थोड्या अंतरात थांबतं म्हणून. अमेरिकेतल्या चाचणीत 5 किलो वजनाच्या धातूच्या डोक्याला हेल्मेट घालतात आणि 2 मीटरवरून पोलादी ऐरणीवर सोडतात. आदळताना वेग असतो ताशी 22 किलोमीटरच्या आसपास. मणी चिरडत थर्माकोल 2 सेंटिमीटर दबलं, तर धक्का सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या 100 पट बसतो. त्या चाचणीत 300 पटीच्या पुढे गेलेलं हेल्मेट नापास होतं. हेच अंतर 2 मिलिमीटरवर आलं, तर धक्का 1000 पट! स्पंज दबून परत उसळला असता. थर्माकोल उसळत नाही. माझ्या हेल्मेटातल्या खळग्यात आजही अंगठ्याचं टोक बसतं, तो भरून आलेला नाही. एकदा चिरडलेला मणी दुसऱ्यांदा धक्का जिरवत नाही, म्हणून जोरात पडल्यावर हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं.

शर्यतीतले सायकलपटू कितीतरी दशकं चामड्याच्या गादीदार पट्ट्यांची जाळी डोक्याला बांधत होते. तिनं कातडी वाचायची, धक्का जिरायचा नाही. चिरडणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचं पेटंट अमेरिकेत रॉथ आणि लोम्बार्ड यांना 1953 मध्येच मिळालं होतं. पण खास सायकलसाठी तसं हेल्मेट आलं 1975 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बेल कंपनीचं ‘बेल बायकर’. वर टणक प्लॅस्टिकचं कवच, आत थर्माकोल. त्यानंतर दहाएक वर्षांत जिम जेंटिस यांच्या ‘जिरो’नं कवचच काढून टाकलं आणि नुसत्या थर्माकोलवर लायक्राचं कापड चढवलं. वजन खूप उतरलं, पण उघडं थर्माकोल डांबरावर अडकायचं आणि मान मुरगळण्याची भीती असायची. म्हणून त्यावर पातळ, गुळगुळीत प्लॅस्टिक आलं. आज दुकानात दिसतात ती हेल्मेटं बहुतेक याच घडणीची.

तरी व्यावसायिक शर्यतीतले लोक डोकं झाकायला तयार नव्हते. 1991 मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सक्ती आणली, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत त्यांनी विरोध केला आणि नियम मागे घ्यावा लागला. 1995 मध्ये टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजचा घाट उतरताना फाबियो कासार्तेली गेला. नियम तरीही बदलला नाही. मग 11 मार्च 2003, पुन्हा पॅरिस-नीस. कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह घोळक्यात दुसऱ्या स्वारांशी धडकून डोक्यावर पडला. हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि मे महिन्यात सक्ती आली. मधली बारा वर्षं मला फार बोचतात.

दुसरा उशीर विज्ञानाचा. मेंदू नुसता आदळत नाही, तो कवटीत गरकन फिरतो आणि त्यातले धागे ताणले जातात. हे ऑक्सफर्डच्या होलबोर्न यांनी 1943 मध्येच सांगितलं होतं. पण हेल्मेटची चाचणी राहिली सरळ आपटण्याची, आणि माणूस सायकलवरून पडतो तिरका. स्टॉकहोममधले मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हाल्डिन यांनी 1990 च्या दशकात त्यावर काम सुरू केलं. आतल्या बाजूला एक पातळ, सरकणारा थर. आपटताना हेल्मेट डोक्यावर सेंटिमीटरभर फिरतं आणि वळणाचा झटका थोडा कमी होतो. काही हेल्मेटांवर दिसणारा ‘मिप्स’चा पिवळा ठिपका ही याच थराची खूण.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 1990 मध्ये हेल्मेटसक्तीचा कायदा केला, जगातला पहिला. नेदरलँड्समध्ये मात्र आजही बहुतेक लोक उघड्या डोक्यानं सायकल चालवतात. तिथे 1970 च्या दशकात रस्त्यांवर मुलं मरू लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि सायकलींना मोटारींपासून वेगळे मार्ग मिळाले. मला दोन्ही हवं आहे. मागून ट्रकनं दिलेली धडक त्या 2 मीटरच्या हिशेबात बसत नाही. तिथे वेगळा मार्गच लागतो. पण आपल्या रस्त्यावर खडी आजच पसरलेली आहे.

परवा भाचा नवं हेल्मेट घालून आला, मागे सरकलेलं, कपाळ उघडं. भुवयांच्या वर दोन बोटं राहतील इतकं पुढे ओढलं, पट्ट्या कानाखाली जुळवल्या, हनुवटीखाली एक बोट शिरेल एवढीच जागा ठेवली.

“आता मोठ्ठी जांभई दे,” म्हटलं.

“आत्ता? झोप नाही आली, मामा.”

“दे रे.”

त्यानं आ वासला. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं. पट्टा बरोबर बसला होता.