परदेशांतील कामगाराचा उपवासकाळ

ख्रिस्ती लोकांचा नाताळचा सण सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु त्याहून गंभीर असा एक काळ त्या धर्मांत दरवर्षीं पाळला जातो, त्याची माहिती इतरांना क्वचितच असते. त्यास उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ असें म्हणतात. राखेच्या बुधवारीं त्याचा आरंभ होतो आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण आला म्हणजे तो संपतो. मधले सहा रविवार वगळले असतां हे दिवस बरोबर चाळीस भरतात. येशू ख्रिस्तानें आपल्या कार्यास आरंभ करण्यापूर्वीं चाळीस दिवस निर्जन प्रदेशांत उपोषण केलें, त्याचें हें स्मरण होय.

वसईच्या एखाद्या आळींत किंवा गोव्याच्या खेड्यांत हा काळ पाळणें फारसें अवघड नाहीं. कारण तेथें सारा गांवच तो पाळीत असतो. लग्नकार्यें पुढें ढकललीं जातात, शुक्रवारीं घरांत मांस शिजत नाहीं, आणि सायंकाळीं चर्चची घंटा वाजली कीं पाउलें आपोआप तिकडे वळतात. परंतु पोटासाठीं ज्याला समुद्रापलीकडे जावें लागलें, त्याच्याभोंवतीं ह्यांपैकीं कांहींच नसतें. गांव सुटल्यावर गांवाचें व्रत टिकतें काय, आणि टिकतें तर कशाच्या बळावर, हा प्रश्न त्याच्यापुढें दरवर्षीं उभा राहतो.

आखाताच्या कांठीं वसलेल्या दुबई शहराचेंच उदाहरण घ्यावें. वसईचा सुतार, गोव्याचा आचारी, केरळचा वीजकामगार, फिलिपीन्समधून आलेली घरकाम करणारी स्त्री, असे हजारों ख्रिस्ती कष्टकरी तेथें आहेत. शहराच्या कडेला सोनापूर ह्या नांवानें ओळखली जाणारी कामगारांची मोठी वस्ती आहे. नांवांत सोनें असलें, तरी तेथील वास्तव्य एकावर एक रचलेल्या लोखंडी खाटांवरचें. पहांटेच्या अंधारांत मोटारी येतात, माणसांना बांधकामावर नेतात, आणि दिवस कलल्यावर परत आणून सोडतात. अशा दिनक्रमांत उपासनेला वेळ काढावयाचा तो झोपेंतूनच काढावा लागतो.

राखेच्या बुधवारीं मागील वर्षीं आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख धर्मगुरु भाविकांच्या मस्तकाला लावतात. मनुष्य मातीचा आहे व मातीसच मिळणार आहे, ही जाणीव त्यांत अभिप्रेत असते. गावीं हा विधि पुष्कळजण सकाळींच उरकतात. दुबईचा कामगार मात्र सायंकाळीं, सिमेंटची धूळ धुऊन, बस किंवा मेट्रो पकडून चर्चला पोंचतो. ऊद मेथा भागांतील सेंट मेरी चर्च १९६७ सालीं उघडलें. त्याची जागा त्या वेळचे राज्यकर्ते शेख रशीद बिन सईद अल मक्तूम ह्यांनीं दिली होती. जबल अली येथील सेंट फ्रान्सिस चर्च २००१ सालचें. ह्या चर्चांत इंग्रजी, अरबी, कोंकणी, मल्याळम्, तमिळ, तागालोग अशा अनेक भाषांत उपासना चालते. वसईच्या मनुष्याला आपल्या बोलींतली प्रार्थना तेथें मिळेलच असें नाहीं. ती तो बहुधा खाटेवर पडल्यापडल्या मनाशीं म्हणतो.

उपवासाचे नियम तसे सौम्य आहेत. कॅथलिक पंथाच्या नियमाप्रमाणें राखेच्या बुधवारीं व ख्रिस्ताच्या मरणाच्या शुक्रवारीं, अठरा वर्षें पूर्ण झालेल्यापासून साठाव्या वर्षांत पदार्पण करीपर्यंतच्या सर्वांनीं एकच पूर्ण जेवण घ्यावें. शिवाय दोन वेळां थोडकें खाण्यास मोकळीक असते. मांसवर्जनाचा नियम चौदाव्या वर्षापासून लागू होतो. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेंत तर हा काळ सोमवारींच सुरू होतो, आणि त्याला पन्नास दिवसांचा उपवास असें म्हणतात. आजाऱ्यास आणि अवजड कष्टाचें काम करणाऱ्यास उपवासांतून सूट देण्याची चाल जुनी आहे. त्यामुळें उन्हांत लोखंड वाहणाऱ्यानें उपवास न केला तरी त्याला दोष लागत नाहीं. असें असूनहि कित्येक कामगार ही सूट घेत नाहींत. त्यांची अडचण भुकेची नसून निवडीची असते. जेवण बाहेरून डब्यांत भरून येतें. त्यांत कोंबडीचा रस्सा निघाला, तर तो शेजाऱ्याला देऊन नुसत्या भातावर किंवा रोटीवर भागवावें लागतें. मग शेजारी विचारतो, ‘आज जेवत कां नाहींस?’ गावीं हा प्रश्न कोणीं विचारलेला नसतो. आपण हें कां करतों, ह्याचें उत्तर अनेकांना आयुष्यांत प्रथमच तेथें शोधावें लागतें.

वारांचाहि एक पेंच आहे. त्या देशांत २०२१ अखेर शुक्रवार हा आठवड्याच्या सुटीचा मुख्य दिवस होता. त्यामुळें रविवारची उपासना तेथील चर्चांत शुक्रवारींहि होत असे, आणि बहुतेक लोक त्याच दिवशीं येत. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांची सुटी शुक्रवार दुपारनंतर आणि शनिवार-रविवार अशी झाली. तथापि खाजगी धंद्यांत सुटीचा वार करारावर अवलंबून असतो. चर्चला जाणें पाळीच्या तक्त्यावर ठरतें, मनाच्या इच्छेवर नव्हे.

ह्या एकाकीपणांत एक अनपेक्षित सोबतहि लाभते. २०२५ सालीं तेथें रमजानचा महिना १ मार्च रोजीं लागला, आणि राखेचा बुधवार ५ मार्च रोजीं आला. रमजानांत खाजगी नोकरांच्या कामाचे तास रोज दोनांनीं कमी करण्याचा तेथें नियम आहे, आणि तो सर्व धर्मांच्या नोकरांना लागू असतो. म्हणजे मुसलमानांच्या रोज्यामुळें ख्रिस्ती कामगाराला आपल्या उपवासकाळांत प्रार्थनेसाठीं दोन तास मिळाले. एकाच खोलींत एकजण पहांटे उठून रोज्याआधींचें खाणें उरकतो आणि दुसरा रात्रीं मांस वर्ज्य करतो, तेव्हां उपवास म्हणजे काय हें दोघांनाहि एकमेकांस समजावून सांगावें लागत नाहीं.

राखेच्या बुधवारानंतर येणाऱ्या शुक्रवारीं कॅथलिक चर्चांत यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायांतील उतारा वाचला जातो. त्याचा आशय असा कीं, उपवासाच्या दिवशीं जे स्वतःचा स्वार्थ साधतात आणि आपल्या कामकऱ्यांना राबवितात, त्यांचा उपवास देवाला मान्य नाहीं. अन्यायाचीं बंधनें सोडणें, भुकेल्याला भाकर देणें व निराश्रिताला घरांत घेणें, हाच खरा उपवास. सुखवस्तु घरांत हा उतारा उपदेश म्हणून ऐकला जातो. दिवसभर दुसऱ्याच्या हुकुमाखालीं राबून आलेला मनुष्य तो ऐकतो, तेव्हां त्या जुन्या ग्रंथांत कोणीतरी आपली बाजू मांडीत आहे असें त्याला वाटल्यास नवल नाहीं. पण तो उतारा त्यालाहि मोकळा सोडीत नाहीं. ह्या काळांत प्रार्थना, उपवास आणि दानधर्म अशीं तीन कर्तव्यें सांगितलीं आहेत. पगार होतांच बहुतेक रक्कम घरीं धाडणाऱ्यानें दान कशांतून करावें? घरीं पाठविलेला पैसा हें कर्तव्य आहे, दान नव्हे, हें तो जाणतो. म्हणून दान वेगळ्या रूपानें होतें. सिगारेटचे वांचलेले पैसे नवीन आलेल्या बेकार सोबत्याला दिले जातात, किंवा ज्वरानें पडलेल्या मनुष्याची पाळी दुसरा करतो.

अखेरचा सप्ताह सर्वांत कठीण. २०२५ सालीं ख्रिस्ताच्या मरणाचा शुक्रवार १८ एप्रिल रोजीं आला. त्या देशांत ह्या सणानिमित्त सार्वजनिक सुटी नसते. गावीं चौदा स्थानांची क्रुसाची वाट चालली असतां इकडे हातांत करवत असते. संध्याकाळीं चर्चचें आवार माणसांनीं भरून जातें, आंत जागा न मिळालेले अंगणांत उभे राहतात. आणि रात्रीं खोलीवर परतल्यावर दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर घरचीं माणसें दिसतात.

चाळीस दिवस असे संपतात. ह्या काळांत कोणाची श्रद्धा सैल होते, कोणाची घट्ट होते. दोन्ही गोष्टी घडतात. परंतु जो तो काळ पुरा पाळतो, त्याला तो परंपरेच्या ओघांत पाळतां येत नाहीं. दररोज, थकलेल्या देहानें आणि कोणी पाहत नसतांना, त्याला त्याचा पुन्हां निश्चय करावा लागतो. ख्रिस्तानें चाळीस दिवस ज्या निर्जन प्रदेशांत काढले तेथेंहि चर्च, घंटा व गणगोत ह्यांपैकीं कांहीं नव्हतें. तो प्रसंग गावीं ऐकलेला असतो. त्याचा अर्थ कित्येक कामगारांना वाळवंटांत गेल्यावर कळतो.