गवा आणि पन्नास मीटर

आफ्रिकेतील मोकळ्या गवताळ मैदानांवर झेब्र्यांचे कळप मैलभर अंतरावरूनही दिसतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे रान तसे नाही. १९७० साली अभयारण्य झालेला आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलेला हा प्रदेश साग, ऐन, तेंदू आणि बांबूने भरलेला आहे. प्राणी वीस पावलांवर असूनही दिसत नाही. मग तो शोधायचा कसा? आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे कसे?

प्रथम कानांचा उपयोग करा. वाघ किंवा बिबळ्या दिसताच चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडते, वानर झाडावरून इशारा देते. १,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटीमीटर असते. म्हणून तो झाडांच्या खोडांना वळसा घालून आपल्यापर्यंत येतो. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याला असा वळसा जमत नाही. म्हणून रानात प्राण्याची वार्ता आधी कानाला लागते, मग डोळ्यांना.

तुम्ही विचाराल, नारिंगी रंगाचा वाघ हरणांना चटकन दिसत कसा नाही? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. त्यांना नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक जाणवत नाही. त्यात पट्टे गवताच्या सावल्यांत मिसळून जातात. वाघ हलला, तरच घात होतो!

आता थोडे गणित करू. पूर्ण वाढलेला नर गवा खांद्याशी सुमारे १.८ मीटर उंच असतो. तो ५० मीटरवर उभा आहे. प्रतिमेची उंची काढण्यासाठी वस्तूच्या उंचीला नाभीय अंतराने गुणावे व वस्तूच्या अंतराने भागावे. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगाने प्रतिमा भरते अवघी १.८ मिलिमीटर. ४०० मिलिमीटरच्या भिंगाने तीच १४.४ मिलिमीटर होते, म्हणजे २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग.

पण लांब भिंगात हाताची थरथरही तितकीच मोठी होते. म्हणून झडप १/५०० सेकंदाहून अधिक वेळ उघडी ठेवू नये. पहाटे तर उजेड कमी! अशा वेळी छिद्र मोठे करावे. एफ/८ ला ४०० मिलिमीटरच्या भिंगाच्या छिद्राचा व्यास ५० मिलिमीटर, एफ/४ ला १००. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, प्रकाशही चौपट.

ही सारी खटपट का? जवळ गेले की काम सोपे होईल, असे वाटते. पण प्रत्येक प्राण्याचे एक ‘पलायन-अंतर’ असते. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हेडिगर यांनी ही कल्पना मांडली. ते अंतर ओलांडले की प्राणी चरणे सोडतो, पिणे सोडतो आणि पळतो. उन्हाळ्यात पाणवठ्यावर आलेली तहानलेली गवी वासरासह माघारी फिरली, तर त्या छायाचित्राची किंमत तिने मोजलेली असते. लांब भिंग आपल्याला त्या रेषेबाहेर ठेवते.

माणूस नसतानाही छायाचित्रे निघतात. वाटेवरच्या स्वयंचलित कॅमेऱ्यातील संवेदक प्राण्याच्या शरीरातून निघणारे अवरक्त किरण टिपतो. परिसर व प्राणी यांच्या तापमानांत फरक असेल, तरच त्याला प्राणी कळतो. म्हणून विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तो चुकण्याचा संभव अधिक. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. २०१८-१९ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे निघाली, त्यांत वाघांची फक्त ७६,६५१!

नागझिऱ्याला जाण्यापूर्वी एक प्रयोग घरीच करा. अंगणातल्या साळुंकीकडे सावकाश चालत जा. ती उडाली की थांबा आणि तिच्या जागेपर्यंतची पावले मोजा. दहा वेळा मोजून सरासरी काढा. मग धावत जाऊन पाहा, वाकून जाऊन पाहा, आणि आकडे वहीत मांडा. ते पाहून साळुंकीचे छायाचित्र घेताना कोठे थांबावे, हे तुम्हीच ठरवू शकाल.