कथेच्या आधी ओळखपत्रावर

इसाक बाबेलच्या 'रेड कॅव्हलरी'तल्या बहुतेक कथा ल्युतोव नावाचा एक चष्मेवाला सांगतो. पण हा ल्युतोव टेबलाशी बसून सुचलेला नाही. 1920 साली पोलंडविरुद्धच्या लढाईत बाबेल वार्ताहर म्हणून बुद्योन्नीच्या पहिल्या घोडदळ सेनेबरोबर गेला, तेव्हा त्याच्या कागदपत्रांवरच 'किरील ल्युतोव' असं नाव होतं. सेनेच्या वर्तमानपत्रातही तो याच नावाने लिहायचा. ओदेसाच्या ज्यू माणसाने खरं नाव सांगत कोसॅकांच्या छावणीत वावरणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं होतं.

या सोंगाची किंमत त्याच्या डायरीत दिसते. जुलैमधली गोष्ट. देमिदोवका गावात एका ज्यू कुटुंबाकडे मुक्काम, शनिवारचा पवित्र दिवस, दुसऱ्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन. सोबतचा कोसॅक प्रिश्चेपा दरडावतो: बटाटे खणून आणा, शिजवा. घरातल्यांवर काय गुदरतंय हे तिथे एकाच पाहुण्याला नेमकं कळत होतं, आणि तोच गप्प बसला. कागदोपत्री तो रशियन होता ना! पुढे प्रिश्चेपाच्या नावाने एक कथाही झाली.

1923-24 मध्ये कथा मासिकांत येऊ लागल्या. काहींखाली गाव आणि तारीखही असायची, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं, बातमीपत्रच आहे. तसंच वाटलं, आणि तिथून तक्रारी सुरू झाल्या.

यातला मला सगळ्यात आवडणारा किस्सा घोड्याचा. डिव्हिजनचा प्रमुख एका अधिकाऱ्याचा पांढरा घोडा बळकावतो आणि तो अधिकारी वैतागून पक्षाचा राजीनामा लिहितो, अशी ती कथा. पहिल्यांदा छापली तेव्हा शीर्षकातच दोघांची खरी नावं होती: तिमोशेंको आणि मेल्निकोव. खऱ्या मेल्निकोवचं पत्र आलं. बाबेलला मासिकातून खुलासा करावा लागला की नावं बदलायची राहून गेली. पुस्तकात तिमोशेंकोचा सावित्स्की झाला, मेल्निकोवचा ख्लेब्निकोव. निष्काळजीपणाची ही सबब मला काही पटत नाही. स्वतःचं नाव इतक्या काटेकोरपणे लपवणारा माणूस दुसऱ्यांची नावं विसरेल?

बुद्योन्नीचा राग मात्र नावं बदलून शमण्यातला नव्हता. 1924 मध्ये त्याने जाहीर लेख लिहून बाबेलवर तोफ डागली. याने लढाई पाहिली ती पिछाडीला राहून, आणि माझ्या घोडेस्वारांची बदनामी केली, असा सूर. कथेतला निवेदक वेगळा, लेखक वेगळा, हे सेनापतीला कोण समजावणार? 1926 मध्ये पुस्तक निघालं, तरी वाद मिटला नाही. 1928 साली 'प्रावदा'तून बुद्योन्नी आणि मॅक्झिम गॉर्की यांच्यात पुन्हा जुंपली. बाबेलला तरुणपणी छापणारा गॉर्की त्याच्यासाठी ठाम उभा राहिला.

गंमत म्हणजे बुद्योन्नीला भूगोलाची चूक सहज काढता आली असती. पहिल्याच कथेत नोवोग्राद-वोलिन्स्क घेताना सेना ज्ब्रुच नदी ओलांडते. ते शहर स्लुच नदीवर आहे. ज्ब्रुच तिथून बरीच दूर, नैर्ऋत्येला. वार्ताहर ल्युतोवने असं लिहिलं असतं तर ती ढोबळ चूक ठरली असती. पण हा ल्युतोव आता बातमी देत नव्हता.

गॉर्की 1936 मध्ये गेला. मे 1939 मध्ये पेरेदेल्किनोच्या घरातून बाबेलला अटक झाली आणि जानेवारी 1940 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. घोड्याच्या कथेतून नाव काढावं लागलं तो तिमोशेंको त्याच वर्षी सोव्हिएत संघाचा मार्शल झाला. बुद्योन्नी आधीपासून होताच. अटकेच्या वेळी जप्त केलेली हस्तलिखितं आजवर सापडलेली नाहीत. 1920 ची डायरी कीव्हमध्ये ओळखीच्यांकडे राहिली होती, म्हणून तेवढी हाती लागली.