अकरा ते बारा

बातम्यांत आपल्याला दिसणारी लोकसभा बहुतेक वेळा चार मिनिटांची असते. अकराच्या ठोक्याला अध्यक्ष आत येतात, सगळे उठून उभे राहतात, अध्यक्ष हात जोडून बसतात. पहिल्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला जातो न जातो, तोच फलक घेतलेली मंडळी समोरच्या हौद्यात उतरतात. घोषणा होतात, एकदा समज, दोनदा समज, आणि मग नेहमीचं वाक्य: कामकाज बारा वाजेपर्यंत तहकूब. घरी चहा पिणारा म्हणतो, गेला आजचा दिवस पाण्यात.

दिवस जात नाही. जातो तो तास. प्रश्नोत्तरांच्या दर दिवशी लोकसभेत २० तारांकित आणि २३० अतारांकित, म्हणजे २५० पर्यंत प्रश्न छापील यादीत असतात. सभागृह चार मिनिटं चालो की साठ, या सगळ्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. गोंधळात तारांकित प्रश्न पुकारलेच गेले नाहीत, तर त्यांचीही उत्तरं लेखी होऊन कामकाजात जमा होतात. कागद असा सुखरूप पार पडतो. बुडतो तो उपप्रश्न, मंत्र्याला सर्वांसमक्ष उभं करून, त्याने दिलेल्या कागदाच्या पलीकडचं विचारण्याची संधी. त्यामुळे गोंधळाची बातमी झाली की मला आधी प्रश्न पडतो, आज पहिल्या पाच क्रमांकांत कोणत्या खात्यांचे प्रश्न होते? हौद्यात कोणीही उतरो, सुटका त्या मंत्र्यांची झालेली असते.

या रिवाजाचं मूळ सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. १८९२च्या कायद्याने विधिमंडळातल्या हिंदी सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क दिला आणि १६ फेब्रुवारी १८९३ला पहिला प्रश्न आला. विचारणारे होते अवधमधल्या भिंग्याचे राजे. विषय कुणाला वाटेल तसा भव्य नव्हता. साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला शिधासामग्री पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणारा जाच, एवढाच. साहेबाची सरबराई कुणाच्या खिशातून, हे सरकारला सरकारच्याच दरबारात पहिल्यांदा विचारलं गेलं. उपप्रश्नाची मुभा १९०९च्या सुधारणांत आली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. इतरांना ती मिळायला आणखी दहा वर्षं लागली. प्रश्नाच्या डोक्यावर तारका काढून ‘याचं उत्तर तोंडी हवं’ हे सांगायची पद्धत १९२१पासूनची. महाराष्ट्रात विधानभवनाच्या बातम्यांमुळे ‘तारांकित’ हा शब्द पानटपरीपर्यंत पोचला आहे, पण त्या तारकेचा अर्थ ‘महत्त्वाचा’ असाच बहुतेकांना वाटतो. तिचा अर्थ फक्त ‘तोंडी’.

प्रश्न सभागृहात पोचतो त्याच्या निदान पंधरा दिवस आधी त्याचा प्रवास सुरू होतो. सदस्य सूचना देतो. एका दिवसासाठी पाचपर्यंत सूचना देता येतात, पण तारांकित यादीत त्याच्या नावावर एकच येऊ शकतो. सूचना सगळ्यांच्याच येतात, म्हणून क्रम लागतो तो चिठ्ठ्या टाकून, म्हणजे आता संगणकावर. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि सोमवार ते शुक्रवार एकेका गटाचा वार ठरलेला असतो. पंतप्रधानांकडे असलेल्या खात्यांचा वार बुधवार, तिथेही उत्तर द्यायला बहुधा राज्यमंत्रीच उभे राहतात.

मग नियमांची चाळणी. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, आरोप नको, कुणाला विशेषणं लावायची नाहीत आणि उपरोध तर मुळीच नको. मत विचारायचं नाही, न्यायप्रविष्ट विषय काढायचा नाही. मराठी माणसाच्या प्रश्नातून उपरोध काढला तर उरतं काय, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नसावा. एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या असतील, तर त्यांची नावं एका प्रश्नाखाली जोडली जातात. चाळणीतून उतरलेला प्रश्न ओळखू येणार नाही इतका सपाट झालेला असतो: सरकारला अमुक गोष्टीची माहिती आहे काय, असल्यास तपशील काय, नसल्यास कारणे काय.

सपाट दिसतो म्हणून तो निरुपद्रवी नसतो. मंत्रालयात तो पोचला की संबंधित शाखेत धावपळ सुरू होते. उत्तराची तारीख चुकवता येत नाही. राज्य सरकारांकडून, महामंडळांकडून, जिल्ह्यांकडून आकडे मागवले जातात, शाखेतला मसुदा एकेक पायरी चढत सहसचिवांपर्यंत आणि तिथून मंत्र्यांच्या टेबलावर जातो, हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती तयार होतात. तारांकित असेल तर याच्या जोडीला आणखी एक जाडजूड टिपण लागतं: कोण कोणता उपप्रश्न विचारू शकेल आणि त्याला काय उत्तर द्यायचं. प्रश्न एका ओळीचा आणि हे टिपण वीस पानांचं, असं सहज होतं. सरकारी यंत्रणेला स्वतःच्याच कपाटातले कागद पाहायला लावणारी दुसरी एवढी शिस्तीची गोष्ट मला तरी माहीत नाही. माहितीचा अधिकार २००५ साली आला. त्याआधी एखाद्या खात्याच्या पोटातली आकडेवारी बाहेर काढायचा राजमार्ग हाच होता.

मसुदा लिहिणाऱ्यांनीही आपली एक भाषा घडवली आहे. ‘हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे.’ ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ आणि सगळ्यात लाडकं: ‘वरील उत्तर पाहता प्रश्नच उद्भवत नाही.’ अ भागाचं उत्तर ‘नाही’ दिलं की आ, इ, ई या सगळ्या भागांना हे एकच वाक्य पुरतं. लिहिणाऱ्याच्या कौशल्याला दाद द्यावी आणि चडफडावं, असा हा प्रकार.

उपप्रश्नाची किंमत इथेच कळते. प्रत्यक्ष तासात काय होतं? अध्यक्ष क्रमांक आणि नाव पुकारतात. सदस्य उठून फक्त आपला प्रश्नक्रमांक सांगतो. मंत्री म्हणतो, निवेदन सभापटलावर ठेवलं आहे. इथपर्यंत सगळं कागदी. मग मूळ प्रश्नकर्त्याचे दोन उपप्रश्न, त्यानंतर अध्यक्ष ज्यांना संधी देतील त्यांचे. आता ‘प्रश्नच उद्भवत नाही’ म्हणायची सोय नसते. अधिकाऱ्यांच्या सज्जातून चिठ्ठ्या खाली येऊ लागतात. तयारीचा मंत्री टिपणाकडे न बघता बोलतो. तयारी नसलेला ‘माननीय सदस्यांना माहिती पाठवून देईन’ म्हणतो. प्रश्नकर्तेही सगळे शहाणे नसतात. कित्येक जण उपप्रश्नाच्या नावाखाली तीन मिनिटं भाषण करतात, शेवटी ‘करणार का?’ एवढं जोडतात आणि मंत्र्याला हवा तेवढा श्वास घेऊ देतात. पुण्यात वाढलेले आणि बिहारमधल्या मुंगेर, बांका इथून निवडून गेलेले मधु लिमये यांची ख्याती वेगळी होती. नियमांचं पुस्तक मंत्र्यांपेक्षा त्यांना अधिक पाठ असे आणि ते उठले की समोरच्या बाकांवर कागद चाळले जात.

एका तासात बहुधा पाच-सहा प्रश्नच होतात. विसाच्या वीस तारांकित प्रश्न संपले ते २७ नोव्हेंबर २०१९ला, आणि तसं त्याआधी घडलं होतं १९७२ साली. सत्तेचाळीस वर्षांनी एकदा यादी संपणं ही बातमी झाली, यातच सगळं आलं. खरं तर भराभर वीस प्रश्न उरकण्यापेक्षा चार प्रश्न नीट धसास लागलेले बरे, असं माझं मत आहे.

कारण एका प्रश्नाने काय होतं, हे १९५७ साली दिसलं. आयुर्विमा महामंडळ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. त्याने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले होते. लोकसभेत प्रश्न आला, उत्तर गुळमुळीत मिळालं, पुन्हा विचारलं गेलं. मग फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने आणि पंतप्रधानांच्या जावयाने, डिसेंबरच्या चर्चेत आकड्यांनिशी सरकारला धारेवर धरलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा आयोग नेमला गेला, त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावं लागलं.

यातला विलक्षण योगायोग असा, की प्रश्न विकत घेता येतो हे देशाला पहिल्यांदा कळलं तेव्हा चौकशी समितीचे अध्यक्ष हेच कृष्णमाचारी होते. १९५१ साली हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं सिद्ध झालं. हकालपट्टीआधीच त्यांनी राजीनामा दिला. २००५च्या डिसेंबरात छुप्या कॅमेऱ्यापुढे तेच पुन्हा घडलं आणि ११ खासदारांना, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचे, घरी जावं लागलं. त्यांतले दोघे खानदेशातले होते. कुणी लाच देऊन प्रश्न विचारवतो, याचा अर्थ प्रश्नाला बाजारात भाव आहे. आपल्याला मात्र तो फुकट असून त्याची किंमत वाटत नाही.

तास संपला तरी प्रश्न संपत नाही, याची व्यवस्था लावणारा माणूस मराठी होता. दादासाहेब मावळंकर हे अहमदाबादचे, पण घराणं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं. १९४६ साली मध्यवर्ती विधानसभेचं अध्यक्षपद त्यांनी अवघ्या तीन मतांनी जिंकलं, ६६ विरुद्ध ६३. १९५२ साली पहिल्या लोकसभेत ३९४ विरुद्ध ५५. तेव्हा त्यांच्या विरोधात उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. म्हणजे दिल्लीतल्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली होती. मंत्री सभागृहात ‘बघू’, ‘विचार करू’, ‘माहिती देऊ’ म्हणतात, त्याचं पुढे काय होतं हे कुणी पाहायचं? मावळंकरांनी डिसेंबर १९५३मध्ये त्यासाठी सदस्यांची आश्वासन समिती नेमली. कोणते शब्द उच्चारले म्हणजे ते आश्वासन समजायचं, याची चक्क यादी आहे. ‘प्रकरण विचाराधीन आहे’, ‘मी चौकशी करतो’ ही सुटकेची वाक्यं त्या यादीत बसली की नोंदली जातात आणि तीन महिन्यांत त्यांची पूर्तता दाखवावी लागते. मुदतवाढी मागितल्या जातात, आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, हेही खरंच. पण लग्नाच्या बैठकीत कोण काय कबूल झालं ते लिहून ठेवणारा एक जुना माणूस असतो ना, तसं या समितीचं काम. नेहरूंनी मावळंकरांना लोकसभेचे जनक म्हटलं, ते मला अशा कामांमुळे पटतं.

बारानंतरचा दिवस वेगळ्या चालीचा. मंत्री एकामागून एक उठून अहवाल, अधिसूचना, महामंडळांचे हिशेब पटलावर ठेवतात. हे पाहण्याइतकं कंटाळवाणं दुसरं काही नाही. मग शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात हा शब्दच नाही, तो साठच्या दशकात आपल्याकडे आपोआप रुजला. सकाळी दहापर्यंत सूचना द्यायची, नाव निघालं तर आपल्या मतदारसंघातली रेल्वे, पीकविमा, बंद पडलेली गिरणी मांडायची. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नाही. दुपारी जेवणानंतर विधेयकं, पीठावर तालिकेवरचे कुणी सदस्य, बाकं ओस. गणपूर्तीला एक दशांश, म्हणजे ५५ जण लागतात, आणि कुणी हरकत घेतली नाही तर मोजायला कुणी जात नाही. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे. बॅ. नाथ पै यांचं घटनादुरुस्ती विधेयक १९६७ साली असंच आलं होतं आणि त्याने देशभर वाद पेटवला. खासगी सदस्याचं विधेयक कायदा होण्याची वेळ मात्र १९७०नंतर आलेलीच नाही.

प्रश्नांच्या तासाला वाचवायचे प्रयत्न झाले. राज्यसभेने २०१४ साली तो अकरावरून बाराला नेला. सकाळचा राग एका तासात निवळेल, अशी आशा असावी. राग बाराला आला. २०२०च्या सप्टेंबरात करोनामुळे अधिवेशन आखूड झालं तेव्हा दोन्ही सभागृहांत हा तास रद्दच झाला. लेखी प्रश्नोत्तरं चालू राहिली. कागद राहिला, समोरासमोर उभं राहणं गेलं, आणि त्याची फारशी कुणाला चुटपुट लागली नाही. मे २०२३मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, लोकसभेत ८८८ आसनांची सोय झाली, अनुवादकांच्या कक्षातून मराठीही ऐकू येऊ लागली. मराठीतून विचारलेला उपप्रश्न मंत्र्याच्या कानात त्याच्या भाषेत पोचतो. सबब एक कमी झाली.

ही सगळी प्रश्नोत्तरं लोकसभेच्या संकेतस्थळावर खुली आहेत, त्याला ना अर्ज लागतो ना ओळख. आपल्या खासदाराचं नाव टाकून पाहा. त्याने काय विचारलं, काय विचारलं नाही, आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे दहा मिनिटांत कळेल. यादी अगदीच रिकामी दिसली तर लगेच रागावू नका, तो मंत्री आहे का ते आधी बघा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत.