खोली कोणत्या बाजूची, प्रस्थान कोणत्या तिथीला?

मुंबईहून विलायतेला बोटी जात असत, त्या काळी बोटीवरील खोलीची बाजू हा प्रतिष्ठेचा प्रश्न समजला जाई. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येताना दुपारचे ऊन बोटीच्या उजव्या अंगावर पडे, परतताना डाव्या. म्हणून धनिकांनी येताना डावी आणि जाताना उजवी बाजू अडवून ठेवावी, आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ हा शब्द रूढ व्हावा, अशी एक आख्यायिका आहे. कोशकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही. पण तिच्यामागील हिशेब मात्र खरा आहे. बोट कोणत्या दिशेने जाणार, आपल्याला पाहावयाचे ते कोणत्या अंगाला असणार आणि आकाशाची त्या वेळी काय स्थिती असणार, हे पाहूनच खोली व तारीख ठरवावी.

हा हिशेब मला मांडावा लागला तो नॉर्वेच्या किनारी प्रवासासाठी. माझे वडील भूगोलाचे शिक्षक. ध्रुवीय प्रकाशाचा धडा त्यांनी आयुष्यभर शिकविला, पण तो प्रकाश कधी पाहिला नाही. निवृत्तीनंतर गुडघे अधू झाले. थंडीवाऱ्यात रात्री उघड्या डेकवर जाऊन उभे राहणे त्यांना शक्य नव्हते. ज्याला जिने चढता येत नाहीत, त्याच्यासाठी खोलीची खिडकी हाच अर्धा प्रवास असतो.

या मार्गाचे नाव ‘हुर्टिग्रुटेन’, म्हणजे जलद मार्ग. २ जुलै १८९३ रोजी कप्तान रिकार्ड विथ यांची ‘व्हेस्टेरोलेन’ ही बोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली, तेव्हा तो सुरू झाला. आज या बोटी बर्गनहून निघतात, ३४ बंदरे घेत रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसला सातव्या दिवशी पोहोचतात, आणि बाराव्या दिवशी बर्गनला परत येतात. माल आणि माणसे यांची चढउतार रात्रीही चालते. म्हणून हलकी झोप असणाऱ्याने खोली निवडताना धक्क्यावरील आवाजाचाही विचार करावा.

प्रथम बाजूचा विचार करू. बोटीच्या नाळेकडे तोंड करून उभे राहावे. उत्तरेकडे जाताना किनारा उजव्या हाताला राहतो आणि खुला समुद्र डाव्या हाताला. परतताना याच्या उलट. वाटेत बेटे इतकी आहेत की पुष्कळदा दोन्हीकडे जमीन दिसते. तथापि केवळ जाण्याचाच प्रवास करावयाचा असेल, तर उजवी बाजू निर्विवाद चांगली.

जाऊन येणाऱ्याने थोडे पुढे पाहावे. युरोपच्या उत्तर टोकाला वळसा घातल्यावर बोटीचे तोंड पूर्वेकडे होते. आता उजवी खिडकी दक्षिणेकडील किनारा पाहते आणि उत्तरेचे आकाश डाव्या अंगाला जाते. किर्केनेसहून परतताना मात्र बोट पश्चिमेकडे वळते, आणि तीच उजवी खिडकी उत्तरेच्या खुल्या समुद्राकडे उघडते. हा टप्पा मुख्यतः रात्रीचा आहे. म्हणजे उजवी खोली जाताना किनारा दाखविते आणि त्या एका रात्री उत्तरेचे आकाश. पुढे दक्षिणेकडे येताना किनारा डावीकडे जातो खरा; पण लोफोटेन-व्हेस्टेरोलेनचा पुष्कळसा भाग तेव्हा दिवसा लागतो, आणि दिवसा काचेच्या बैठकीत बसून दोन्ही बाजू पाहता येतात. यास्तव आम्ही उजवी बाजू घेतली. स्टाड, हुस्टाडव्हिका आणि व्हेस्टफ्योर्ड येथे बोट उघड्या समुद्रावर येऊन डोलते, म्हणून खोली मध्यभागी व खालच्या मजल्यावर घेतली. आणि खिडकीसमोर जीवननौका टांगलेली नाही, हे नकाशावर आधी पाहून घेतले.

आता तारीख. विषुवदिनाच्या सुमारास सौरवाऱ्याचे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांत अधिक सहज गुंतते. याची मीमांसा रसेल व मॅक्फेरॉन यांनी १९७३ मध्ये केली. सप्टेंबरच्या उत्तरार्धात रात्री पुरेशा काळोख्या होतात, भूर्जवृक्ष पिवळे झालेले असतात, आणि हिवाळ्याची वादळे अद्याप दूर असतात. उरला चंद्र, आणि येथे आपले पंचांगच उपयोगी पडते. नवरात्रातील शुक्ल पक्षाचा चंद्र क्रांतिवृत्ताच्या दक्षिण भागात असतो. ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी तो क्षितिजाला टेकून राहतो, किंवा वर येतच नाही. उलट कोजागिरीनंतरचा कृष्ण पक्षातील चंद्र उत्तरेकडे सरकत जातो आणि काही दिवस मावळतही नाही. घटस्थापनेपासूनच्या रात्री म्हणूनच तेथे सर्वांत काळोख्या. बोट चौथ्या दिवशी ध्रुववृत्त ओलांडते. तेव्हा सर्वपित्री अमावास्येच्या तीन-चार दिवस आधी बर्गन सोडावे.

अधिक मासाच्या वर्षी मात्र सावध राहावे. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती; २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती १५ ऑक्टोबरला गेली. तोपर्यंत उत्तरेत पानगळ होऊन जाते. अशा वर्षी पोळ्याची अमावास्या धरावी. २०२३ मध्ये ती १४ सप्टेंबरला होती.

एवढे करूनही ढगांवर कोणाचा अधिकार चालत नाही. आमच्या पहिल्या तीन काळोख्या रात्री ढगांतच गेल्या. किर्केनेस सोडल्यावर मध्यरात्रीनंतर ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली. लोक डेककडे धावले. मी खोलीतला दिवा मालवला आणि वडिलांची खुर्ची खिडकीशी ओढली. फिकट हिरवा पट्टा समुद्रावर काही मिनिटे हलत होता, मग विरला. वडील बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मी मुलांना सांगत असे, तो पडद्यासारखा दिसतो. पण तो हलतो, हे मी नीट सांगितलेच नव्हते.”

हिशेब बरोबर मांडला म्हणजे प्रकाश दिसेलच, असे नाही. पण तो दिसेल त्या घटकेला आपली खिडकी भलत्या दिशेला असू नये, एवढे मात्र हिशेबाने साधते.